वर्तुळाचा चेंडू कसा होतो?

कर्कटकाने कागदावर एक वर्तुळ काढा. हे काय आहे, असे कोणाला विचारले तर उत्तर येईल, बांगडी, नाणे किंवा फार तर पोळी. आता त्याच वर्तुळात उजवीकडे खालच्या बाजूला पेन्सिलीने गडद छटा भरा. डावीकडे वर सरकताना ती फिकी करत न्या आणि वरच्या डाव्या बाजूचा थोडा कागद कोराच ठेवा. पाहता पाहता नाण्याचा चेंडू होतो! नवी रेषा एकही काढलेली नाही. बदलली ती फक्त छटा.

विज्ञानाच्या पुस्तकांत अशा छटा जागोजाग दिसतात. ग्रहणाच्या आकृतीतील पृथ्वी, रेणूच्या आकृतीतील अणूंचे गोळे, नकाशावरील डोंगर हे सर्व छटांमुळेच उठून दिसतात. सराईत चित्रकार छटा अंदाजाने भरतो, कारण त्याच्या डोळ्यांना सवय झालेली असते. संगणकाला मात्र डोळे नाहीत आणि सवयही नाही. 'इथे किती काळे करू?' असे तो प्रत्येक ठिपक्यासाठी विचारतो आणि आपल्याला प्रत्येक वेळी आकडा द्यावा लागतो. हा आकडा कोठून आणायचा, ते आज पाहू या. त्यासाठी प्रकाशाचा एक नियम आणि दहावीपर्यंतची भूमिती पुरेशी आहे.

विजेरी आणि कागद

अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या कागदावर विजेरीचा झोत सरळ पाडा. लहानसे, लख्ख वर्तुळ दिसेल. आता विजेरी न हलवता कागद हळूहळू तिरका करा. वर्तुळ लांबट होत जाते आणि त्याचा उजेडही मंदावतो. विजेरीतून येणारा प्रकाश तेवढाच आहे, पण आता तो अधिक जागेवर पसरला आहे. शेरभर पीठ लहान ताटाऐवजी मोठ्या परातीत पसरले की थर पातळ होतो, तसेच हे.

कागदाला लंब असणारी रेषा आणि प्रकाशाची दिशा यांमधील कोन महत्त्वाचा आहे. हा कोन ० अंश असेल तेव्हा उजळपणा १ धरू. ३० अंशांना तो ०.८७ होतो, ६० अंशांना ०.५० आणि ९० अंशांना ०. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? त्या त्या कोनाचे ते कोसाइन, म्हणजेच कोज्या, आहेत. योहान हाइन्रिख लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या 'फोटोमेट्रिया' या ग्रंथात हा नियम मांडला. खडू, चुन्याची भिंत, गुळगुळीत नसलेला कागद असे पृष्ठभाग आलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. त्यामुळे कोठूनही पाहिले तरी ते जवळजवळ सारखेच उजळ दिसतात आणि त्यांचा उजळपणा लँबर्टच्या नियमाप्रमाणे केवळ त्या कोनावर ठरतो. घासूनपुसून चकचकीत केलेल्या पितळी तांब्याला मात्र हा नियम लागू पडत नाही. त्याच्यावर एकच तिरीप चमकते.

गोलावरचा बिंदू

आता हा नियम गोलाला लावू. गोलाची त्रिज्या १ माना. केंद्रापासून उजवीकडचे अंतर क्ष, वरचे अंतर य आणि कागदातून आपल्याकडे येणारे अंतर झ असू द्या. कागदावर आपल्याला क्ष आणि य दिसतात, झ दिसत नाही. पण पायथागोरसचे प्रमेय ते शोधून देते. १ मधून क्ष आणि य यांचे वर्ग वजा करा आणि उरेल त्याचे वर्गमूळ काढा. मिळाला झ.

गोलाचा आणखी एक गुण आपल्या फार उपयोगी पडतो. गोलावर कोठेही लंब उभारला तर तो केंद्रातून बाहेर जाणाऱ्या त्रिज्येच्या रेषेतच असतो. म्हणून लंबाची दिशा वेगळी शोधायला नको. बिंदूचे निर्देशक (क्ष, य, झ) हीच ती दिशा!

प्रकाश डावीकडून, वरून आणि थोडा आपल्या बाजूने येतो असे समजू. त्याची दिशा (−०.४८, ०.६०, ०.६४) घेऊ. या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर १ येते, हे एकदा करून पाहा. अशा दोन दिशांमधील कोनाची कोज्या काढण्याची रीत सोपी आहे. पहिल्याला पहिल्याने, दुसऱ्याला दुसऱ्याने आणि तिसऱ्याला तिसऱ्याने गुणा आणि तिन्ही गुणाकारांची बेरीज करा. या रीतीमागचे कारण तुम्ही पुढे सदिश शिकाल तेव्हा कळेल. ती पटण्यासाठी एक कसोटी मात्र आताच लावता येते. दोन्ही दिशा एकच असतील तर कोन ० आणि बेरीज १ येते, म्हणजे बरोबर ० अंशाची कोज्या.

उदाहरणार्थ, क्ष = ०.६ आणि य = ० असलेला बिंदू घ्या. झ येतो ०.८. उजळपणा = (−०.४८ × ०.६) + (०.६० × ०) + (०.६४ × ०.८) = −०.२८८ + ०.५१२ = ०.२२४. हा बिंदू गोलाच्या उजव्या अंगाला आहे, तेव्हा तो बराच काळसर असणार हे योग्यच आहे. बेरीज ऋण आली तर तेथे प्रकाश पोचतच नाही, म्हणून उजळपणा ० धरायचा.

संगणकाआधी हाताने

संगणकाकडे वळण्याआधी हेच काम आलेख कागदावर एकदा हाताने करा. ३० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यावर ३ मिलिमीटर बाजूची घरे आखा. म्हणजे वर्तुळ वीस ओळींत बसेल आणि प्रत्येक घरात ९ बारीक चौकोन येतील. घराच्या मध्यबिंदूचा उजळपणा काढा, तो १ मधून वजा करा, ९ ने गुणा आणि जवळच्या पूर्णांकाइतके बारीक चौकोन काळे करा. काही बिंदूंचे हिशेब पुढे दिले आहेत.

(क्ष, य) | झ | उजळपणा | काळे चौकोन
(−०.४८, ०.६०) | ०.६४ | १.०० | ०
(०, ०.८) | ०.६० | ०.८६ | १
(−०.६, ०) | ०.८० | ०.८० | २
(०, ०) | १.०० | ०.६४ | ३
(०.६, ०) | ०.८० | ०.२२ | ७
(०, −०.६) | ०.८० | ०.१५ | ८
(०, −०.८) | ०.६० | ऋण, म्हणून ० | ९

वर्गातील वीस विद्यार्थ्यांनी एकेक ओळ वाटून घेतली तर एका तासिकेत चित्र पुरे होते. मग कागद भिंतीवर टांगा आणि चार-पाच मीटर मागे जाऊन पाहा. चौकोन विरून जातात आणि चेंडू उरतो. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरलेत तर तेथेही हीच युक्ती दिसेल. छापखान्याकडे करडी शाई नसते. तो काळ्याच शाईचे लहानमोठे ठिपके छापतो आणि करडा रंग आपले डोळे तयार करतात. या पद्धतीला हाफटोन म्हणतात. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात तिच्यावर मोलाचे संशोधन केले होते.

संगणकाला काम सांगताना

आता तोच हिशेब संगणकाकडून करून घेऊ. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब किंवा १९८६ सालापासून वापरात असलेले नूप्लॉट, अशी आलेख काढणारी साधने मोफत मिळतात. भाषा कोणतीही असो, कामाचा क्रम हाच राहतो.

१. २०० ओळी आणि २०० स्तंभ असा रिकामा तक्ता घ्या.
२. प्रत्येक घराच्या मध्यबिंदूचे क्ष आणि य काढा. दोन्ही −१ ते १ या मर्यादेत असतील.
३. क्ष आणि य यांच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा जास्त असेल तर घर गोलाबाहेर आहे. तेथे पार्श्वभूमीची छटा ठेवा.
४. नाही तर झ काढा.
५. प्रकाशाच्या दिशेशी गुणाकार करून बेरीज घ्या. ऋण असेल तर ० लिहा.
६. सर्व घरे भरली की तक्ता करड्या छटांत चितारण्याची आज्ञा द्या. मॅटप्लॉटलिबमध्ये या आज्ञेचे नाव 'आयएमशो' आहे.

घरे चाळीस हजार आहेत, पण संगणकाला क्षणभरही लागत नाही. मात्र तो सांगितले तेवढेच करतो, म्हणून तीन ठिकाणी सावध राहा.

पहिली गोष्ट दिशेची. आपण 'य' वरच्या बाजूला वाढतो असे मानले. चित्राच्या तक्त्यात मात्र पहिली ओळ बहुधा सर्वांत वर असते आणि पुढच्या ओळी खाली येत जातात. हे विसरलात तर चित्र उलटे होईल आणि प्रकाश खालून आल्यासारखा दिसेल. गोलाच्या बाबतीत ही चूक चटकन लक्षात येत नाही, पण चंद्रावरच्या विवरांच्या बाबतीत ती घात करते. आपले डोळे प्रकाश वरून येतो असे गृहीत धरूनच पाहतात. त्यामुळे खालून प्रकाश पडलेला खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी.

दुसरी गोष्ट मापाची. ही साधने बरेचदा तक्त्यातील सर्वांत लहान आकड्याला काळा आणि सर्वांत मोठ्याला पांढरा रंग आपण होऊन देतात. समजा, एखाद्या जवळजवळ सपाट पृष्ठभागाचे सर्व आकडे ०.६० आणि ०.६२ यांच्यामध्ये आहेत. तरीही चित्रात काळेपांढरे डोंगर उभे राहतील! म्हणून ० म्हणजे काळा आणि १ म्हणजे पांढरा, हे साधनाला बजावून सांगा.

तिसरी गोष्ट अंधाराची. खोलीतील चेंडूची सावलीकडची बाजू पूर्ण काळी नसते, कारण भिंतींवरून परतलेला उजेड तिच्यावर पडतो. असा चेंडू काढताना प्रत्येक घराला थोडा उजेड, समजा ०.१५, किमान देता येतो. पण चंद्रकलांच्या आकृतीत तसे केलेत तर नसलेला प्रकाश दाखवल्यासारखे होईल. दिलाच तर आकृतीखाली तसे लिहा.

रंग वापरणार असाल तर आणखी एक सूचना. तापमान, उंची, दाब असे एकसारखे वाढत जाणारे आकडे इंद्रधनुष्याच्या सात रंगांत दाखवण्याची प्रथा फार आहे. पण पिवळा रंग हिरव्या-नारिंगीच्या मधेच झळकतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा डोळ्यांना दिसू लागते. रंगांधळ्या वाचकाला तर काही छटा वेगळ्या ओळखताच येत नाहीत. म्हणून मॅटप्लॉटलिबने २०१७ साली आपला नेहमीचा रंगक्रम बदलला आणि गडद जांभळ्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत सारख्या पायऱ्यांनी उजळत जाणारा 'विरिडिस' हा क्रम स्वीकारला.

आकडे यंत्राचे, ठिपके हाताचे

छटेमागे आकडा असला म्हणजे काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण पाहा. झां-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाला एक प्रश्न पडला होता. कृष्णविवराभोवती तप्त वायूची चकती फिरत असेल तर दुरून ती कशी दिसेल? कृष्णविवर दिसत नाही, पण त्याच्या गुरुत्वाकर्षणाने चकतीचा प्रकाश वाकतो. ल्युमिने यांनी आयबीएम ७०४० या संगणकावर, छिद्रे पाडलेली कार्डे वापरून, कोणत्या बिंदूतून किती प्रकाश आपल्याकडे येईल याचा हिशेब केला. आकडे मिळाले, पण त्यांचे चित्र काढून देणारे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतः काळ्या शाईने हजारो ठिपके काढले. जेथे प्रकाश जास्त तेथे ठिपके दाट. मग त्या चित्राची निगेटिव्हप्रमाणे उलट प्रत केली, म्हणजे काळे ठिपके उजळ झाले. हे चित्र १९७९ साली प्रसिद्ध झाले.

त्या चित्रात चकतीची एक बाजू दुसरीपेक्षा पुष्कळच उजळ आहे. ही चित्रकाराची लहर नव्हती. जी बाजू फिरत आपल्याकडे येते तिचा प्रकाश वाढलेला दिसतो आणि दूर जाणारीचा कमी, असे गणितच सांगत होते. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराची प्रतिमा जगापुढे आली. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून ती मिळवली होती. त्या प्रतिमेतील तेजोवलयाचीही एक बाजू दुसरीहून स्पष्टपणे उजळ होती. दाट ठिपक्यांनी आधीच वर्तवलेली गोष्ट चाळीस वर्षांनी दुर्बिणींनी पाहिली.

चंद्राची परीक्षा

आता आपल्या चित्राचीही अशीच परीक्षा घेऊ. प्रकाशाची दिशा (०, ०, १) करा, म्हणजे सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीमागे. ही झाली पौर्णिमा. येथे उजळपणा = झ. मध्यभागी तो १ आहे, केंद्रापासून ०.६ अंतरावर ०.८, ०.८ अंतरावर ०.६ आणि कडेला ०. म्हणजे मधे लख्ख आणि कडेला काळवंडलेला गोल दिसायला हवा. पण पौर्णिमेच्या रात्री अंगणात जाऊन चंद्राकडे पाहा. डाग सोडले तर तो कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ, थाळीसारखा सपाट दिसतो!

दुसरी परीक्षा त्याहून कडक आहे. तक्त्यातील सर्व आकड्यांची बेरीज करा. २०० × २०० घरांच्या तक्त्यात ती सुमारे २०,९४० येते. आता प्रकाशाची दिशा (१, ०, ०) करा. हा झाला अष्टमीचा चंद्र. याची बेरीज सुमारे ६,६७० येते. पहिलीला दुसरीने भागा. उत्तर ३.१४, म्हणजे पाय! हा योगायोग नव्हे. पौर्णिमेला प्रत्येक घराचा उजळपणा म्हणजे त्या जागी अर्धगोलाची उंची. तेव्हा सर्वांची बेरीज म्हणजे अर्धगोलाचे घनफळ, २/३ पाय. अष्टमीला प्रत्येक घरावर क्ष एवढ्या उंचीचा खांब उभा केला तर गोल डबा तळाच्या व्यासातून तिरका कापल्यावर निघणाऱ्या पाचरीसारखा आकार होतो. त्याचे घनफळ २/३. अशा पाचरीचे घनफळ आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वीच काढले होते. गंमत अशी, की पाय ही अपरिमेय संख्या आहे हे प्रथम सिद्ध करणारा गणिती म्हणजे तोच लँबर्ट.

म्हणजे चंद्र खडूचा असता तर पौर्णिमेला अष्टमीच्या ३.१४ पट प्रकाश मिळाला असता. प्रत्यक्ष मोजमाप सांगते, की तो दहापटीहूनही जास्त मिळतो. आपले चित्र दोन्ही परीक्षांत नापास झाले.

दोष गणिताचा नाही. चंद्राचा पृष्ठभाग खडूसारखा आहे हे आपण मानले, ते चुकले. चंद्रावर बारीक, खडबडीत धूळ आहे. कणाकणाच्या मागे सावली पडते. सूर्य बाजूला असतो तेव्हा या असंख्य सावल्या आपल्याला दिसतात आणि चंद्राचा उजेड घटतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असल्याने प्रत्येक कण आपली सावली स्वतःच झाकतो आणि चंद्र एकाएकी झळाळतो.

लोमेल आणि झेलिगर यांच्या नावाचा एक नियम अशा धुळीच्या पृष्ठभागासाठी वापरतात. आपण काढलेल्या उजळपणाला (उजळपणा + झ) ने भागायचे, एवढाच बदल. पौर्णिमेला उजळपणा आणि झ समान असतात, म्हणून प्रत्येक घरात १/२ येतो. थाळी सपाट झाली आणि पहिली परीक्षा पास! पण पौर्णिमा-अष्टमीचे गुणोत्तर या नियमाने सुमारे २.६५ येते, म्हणजे दुसऱ्या परीक्षेत आधीपेक्षाही मागे. तेथे सावल्यांचा स्वतंत्र हिशेब घालावाच लागतो. एक नियम एका कसोटीला उतरतो आणि दुसरीला उतरत नाही, हे विज्ञानात नेहमीच घडते. पण आपण आकडे मांडले म्हणून हे कळले. अंदाजाने भरलेल्या छटेला कोणी नापास करू शकत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडून काही शिकताही येत नाही.

करून पाहा

१. प्रकाशाची दिशा (०.८, ०, −०.६) घ्या. ही शुक्ल पंचमीची कोर आहे. मग (०.८, ०, ०.६) घ्या. हा एकादशीचा चंद्र. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये दर १२ अंशांना एक तिथी बदलते, यावरून या तिथी कशा ओळखल्या ते शोधा.

२. दिशा (०, ०, −१) घेतली तर तक्त्यात काय येईल? चित्र काढण्यापूर्वीच सांगा. ती कोणती तिथी?

३. चंद्रावरील विवरांचे छायाचित्र आधी सरळ आणि मग उलटे धरून पाहा. वर्गातील किती जणांना खड्ड्यांच्या टेकड्या दिसल्या, त्याची नोंद करा.

४. एक टेनिसचा चेंडू आणि एक घासलेला पितळी तांब्या एकाच खिडकीजवळ ठेवा. दोहोंच्या छटा आलेख कागदावर उतरवा. लँबर्टचा नियम कोणाला किती लागू पडतो?

५. तुमच्या पाठ्यपुस्तकातील चंद्रकलांची किंवा ग्रहणाची आकृती उघडा. सूर्य ज्या बाजूला दाखवला आहे, त्याच बाजूने प्रत्येक गोल उजळलेला आहे का? नसेल तर ती आकृती दुरुस्त करून वर्गात लावा. खाली आपण मानलेली प्रकाशाची दिशा आणि वापरलेला नियम लिहायला विसरू नका. म्हणजे पाहणाऱ्याला तुमची छटा तपासता येईल.